मशीनच्या डाव्या बाजूला

मुलाखतीच्या तयारीसाठी अण्णांना समोर स्टुलावर बसवायचं आणि त्यांनी मला प्रश्न विचारायचे, असं आमचं ठरलं होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे, त्रिविक्रमराव. यशवंतपूरच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांचं शिवणाचं दुकान होतं. मुलाखत त्यांनी जन्मात कधी दिली नव्हती आणि घेतलीही नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, घसा खाकरला आणि मला विचारलं, ट्रायल कधी, डिलिव्हरी कधी, अस्तर लावायचं की नाही.

मला हसू आवरेना. पुट्टी, म्हणजे माझी सोळा महिन्यांची मुलगी, काही न कळताच माझ्याबरोबर हसायला लागली. अण्णा मात्र हसले नाहीत.

"मग काय विचारतात ते तरी सांग," ते म्हणाले. "माझा डोसा गार होतोय तिकडे."

मी त्यांना श्वेतानं पाठवलेला कागद दिला. श्वेता माझी नागपूरची मैत्रीण. मी अर्ज केला होता तोच, कपड्यांच्या डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिनं दुसऱ्या शहरात केला होता, आणि रोज दुपारी पुट्टी झोपली की ती फोनवरून माझी इंग्रजीत उलटतपासणी घ्यायची. हेच शिक्षण का, आत्ताच का, आमचीच संस्था का, अडीच वर्षं घरी बसून काय केलंत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिनं मला लिहूनच दिलं होतं. त्यात बाळ हा शब्द नव्हता. "बाळाचं नाव काढलंस की ते लगेच हिशेब करतात, ही बाई वर्ग बुडवणार," ती म्हणायची. मी ते उत्तर भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, पुट्टीला झोपवताना इतक्या वेळा म्हटलं होतं की पुट्टीला ते अंगाईसारखं वाटत असावं.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "कपडा तर तू आत्ताही शिवतेस. मापं घेतेस, बेततेस. तिथं जाऊन नवीन काय येणार तुला?"

खोचून विचारलं नव्हतं त्यांनी. खरंच जाणून घ्यायचं होतं. मी श्वेतानं सांगितलेलं वापरणाऱ्याच्या गरजेचं वगैरे सांगायला लागले, ते मान हलवत राहिले आणि मध्येच त्यांच्या कन्नड मिसळलेल्या बोलीत "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणून डोसा खायला उठले.

बावीस जागा होत्या. लेखी परीक्षेतून सत्तर जणांना मुलाखतीला बोलावलं होतं. संस्था शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण आमच्या चंदापुऱ्यातल्या फ्लॅटपासून बोम्मसंद्र्याला आलं की मेट्रो मिळते, म्हणजे सकाळी निघून सहापर्यंत पुट्टीजवळ परत येता येणार होतं. दुसऱ्या गावातल्या संस्थेचा विचारच नव्हता. आणि त्यांची वयाची अट तिशीची. मला ऑगस्टमध्ये तीस वर्षं पूर्ण होणार होती. यंदा नाही तर मग नाही, हे मी रघूशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, एकदाच बोलले होते. नंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नव्हता, पण तो घरात असायचाच.

माझ्याकडे दाखवण्यासारखं एकच काम होतं, पण ते माझ्या मनातलं होतं. पुट्टीच्या आधी मी बोम्मसंद्र्याच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात नमुने विभागात होते. तिथे शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या बायकांना साडीवरून एक निळा कोट घालावा लागतो. गौरम्मा त्यातलीच एक. आनेकलच्या पुढच्या खेड्यातून यायची. बाळंतपणानंतर कामावर परतली तेव्हा तिला दूध यायचं, आणि दहा मिनिटांच्या सुट्टीत पाळणाघरात जाऊन बाळाला पाजायचं तर तो कोट पुढून पूर्ण उघडून, साडी सावरून, परत सगळी बटणं लावेपर्यंत सुट्टी संपायची. मग ती जायचीच नाही. छातीशी हात दाबून बसून राहायची. तेव्हा मला ते नुसतं दिसत होतं. पुट्टी झाल्यावर कळलं.

म्हणून मी घरी तिच्यासारख्यांसाठी कोट बेतायला घेतला. मांजरपाटाच्या, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचे चार नमुने, एकापाठोपाठ एक. पहिल्यात उघडायची सोय पुढेच होती, हात पुढे केला की ती फाकायची. दुसऱ्यात बाजूला घेतली, तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, आवळायला लागलं. तिसऱ्यात वर झाकण ठेवलं, ते मशीनच्या चाकात अडकायला बघायचं. प्रत्येक नमुना गौरम्मा एकेक दिवस घालून कामाला बसली आणि जिथे अडचण झाली तिथे तिनं कपड्यावरच खूण केली. कधी खडूनं, कधी बॉलपेननं. "इल्ली एळेयुत्ते," इथे ओढतं. "इल्ली बिसी," इथे उकडतं. एका ठिकाणी तिच्या धाकट्यानं हळदीच्या बोटांनी पंजा उमटवला होता. मी माझ्या दुरुस्त्या लाल दोऱ्यानं, लांब लांब कच्च्या टाक्यांत घातलेल्या. सगळे काठ उसवलेले, दोरे लोंबणारे.

संस्थेच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: तयार कपडे आणू नका, काम कसं घडत गेलं ते दिसेल असे कच्चे नमुने आणा. ते वाचून मला रडूच आलं होतं. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे जे होतं तेच मागत होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुट्टीच्या लसीची तारीख होती. सकाळी मी नमुन्यांचं बोचकं बाहेर काढलं, आता आल्यावर बॅगेत भरू म्हणून हॉलमधल्या खिडकीशी, अण्णांच्या मशीनजवळच्या खुर्चीवर ठेवलं आणि पुट्टीला घेऊन निघाले. ते मशीन अण्णांनी दुकान बंद केल्यावर घरी आणलेलं. दोन वर्षं ते झाकूनच होतं. आधी अत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आजारी होत्या, मग त्या गेल्या, मग अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. झाकणावर पुट्टीची खेळणी असायची.

दवाखान्यात ही रांग. लस घेतल्यावर पुट्टीनं जो आवाज लावला तो बसमध्ये चंदापुरा येईपर्यंत. दार उघडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. ती माझ्या खांद्यावर झोपली होती, अंग तापायला लागलं होतं.

मशीनचा आवाज येत होता.

अण्णा पाठमोरे बसले होते. चष्म्यावर आणखी एक चष्मा, बोटावर अंगुस्तानाची टोपी, गळ्यात टेप. खेळणी सगळी नीट एका ओळीत जमिनीवर. उजव्या बाजूला टीपॉयवर तीन कोट घड्या घालून ठेवलेले, मध्ये मध्ये वर्तमानपत्राचा कागद, दुकानातून गिऱ्हाईकाला द्यायचे तसे. पांढरे स्वच्छ. काठ दुमडून शिवलेले. लाल दोरे काढलेले. बाल्कनीतल्या दोरीखाली धुतल्याचं पाणी साचलेलं होतं, इस्त्री अजून गरम होती, आणि सिंकजवळ करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली रिकामी पडलेली, शेजारी निळे झालेले कापसाचे बोळे.

चौथा मशीनवर होता. त्याची डावी बाही तेवढी राहिली होती.

"आलीस?" ते मागे न बघता म्हणाले. "स्वल्प थांब, एवढं आयतु की झालं. पेनचे डाग जाता जात नव्हते बघ. काजं हातानं घातलीत. मशीनची काजं मोठ्या लोकांसमोर बरी दिसत नाहीत."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. आठवू नये असं वाटतं. पुट्टी उठू नये म्हणून मी हळू आवाजात बोलले, आणि त्यानं ते जास्तच वाईट झालं असावं.

"अण्णा, माझं वर्षभराचं काम पुसून टाकलंत तुम्ही. उद्या मी काय दाखवू? तुमची काजं?"

मशीन थांबलं. ते वळले. आधी माझ्याकडे, मग घड्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. कुठे चुकलं ते शोधत होते. एखादी बाही उलटी लागली की काय, असं.

"कच्चं असं कोण घेऊन जातं बाहेर?" ते म्हणाले. "चार माणसांत तुझी शोभा नको व्हायला."

मी पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं आणि ती ओळ मराठीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. अंगुस्तान काढून खिशात टाकलं, मशीनचा दिवा बंद केला.

"सरी," म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

मी पुट्टीला कुशीत घेऊन पलंगावर पडले. तिचं तापलेलं कपाळ माझ्या गळ्याशी, आणि माझ्या डोक्यात एकच, की संपलं. श्वेताला फोन केला. ती भराभरा सूचना द्यायला लागली. खुणा परत कर. खडू आहे ना, लाल दोरा आहे ना, तासाभराचं काम आहे. आणि विचारलंच तर धुताना गेलं म्हणून सांग, सासऱ्यांना मध्ये आणू नकोस, फार घरगुती वाटतं.

मी बसलेही. पहिला कोट उलगडला, बॉलपेन घेतलं आणि जिथे गौरम्मानं लिहिलं होतं तिथे तिच्यासारखं अक्षर काढायला गेले. "इल्ली" एवढं झालं. ती "ल" फार जोरात दाबून लिहायची, कापड वर यायचं. माझा "ल" शाळेतल्या फळ्यावरचा होता. गौरम्मा तो कोट घालून आठ तास बसली होती आणि मी पंख्याखाली बसून तिची तक्रार तिच्या नावानं लिहीत होते. मी पेन ठेवून दिलं. आता त्या पहिल्या कोटावर माझा एक खोटा शब्दही होता.

सात वाजता रघू आला. बोम्मसंद्र्यालाच गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो आहे, तिथून पंधरा मिनिटं. घरातली शांतता बघून त्याला वाटलं पुट्टीचा ताप वाढला. मी सगळं सांगितलं. त्यानं अण्णांना दोष दिला नाही आणि मलाही समजावलं नाही. एवढंच विचारलं, "बोचकं कुठे ठेवलं होतंस?"

मी खुर्ची दाखवली.

त्यानं कपाळाला हात लावला. "संहिता, मशीनच्या डाव्या बाजूला ठेवलंस तू."

"मग?"

"दुकानात डाव्या बाजूला टोपली असायची. कारागीर दिवसभर शिवायचे, आणि काजं, बटणं, काठ, इस्त्री राहिलेलं सगळं त्या टोपलीत पडायचं. ते फक्त अण्णांचं. कुणी सांगायचं नाही, ते विचारायचे नाहीत. डावीकडे ठेवलं म्हणजे तुम्ही पुरं करा." मग म्हणाला, "आई गेल्यापासून त्यांना कुणी काही काम दिलेलं नाही घरात. त्यांना वाटलं असणार, सुनेनं दिलं."

मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण मीही कधी सांगितलं नव्हतं. तीन महिने अण्णांना स्टुलावर बसवून मी प्रश्न विचारायला लावत होते, आणि ते चार कोट काय आहेत, त्यावर काय आणि का लिहिलंय, हे एकदाही त्यांच्यासमोर उलगडून दाखवलं नव्हतं. शिंप्याला काय दाखवायचं उसवलेलं काम, अशी मलाही लाज वाटत होती.

मी चहा केला आणि बाल्कनीत गेले. अण्णा खुर्चीत बसले होते. खाली कारखान्यांच्या बस सुटत होत्या.

"अण्णा, मी फार बोलले," मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळणार, मी सांगितलंच नाही कधी."

त्यांनी चहा घेतला.

"शिंप्याचं काम काय, बाई?" ते म्हणाले. "ट्रायल झाली की खुणा पुसायच्या. गिऱ्हाईकाला कळू द्यायचं नाही की आपण कुठे चुकलो. चाळीस वर्षं तेच केलं. चुका दाखवायला कुणी बोलावतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मग कप खाली ठेवला. "आण ते इकडे. मला सांग आता. कुठे काय होतं ते."

मी चारही कोट आणले. पुट्टी उठली होती, ती माझ्या मांडीवर किरकिरत बसली. अण्णांनी पहिला कोट उजेडाकडे धरला आणि नखानं दाखवलं. लाल दोरा काढला तरी सुईची भोकं मांजरपाटात राहिलेली होती, बारीक रेघ दिसत होती. "हे माझ्या हाती लागलं तेव्हा मी म्हटलं, ही मुलगी इथे मुंढा अर्धा इंच का उतरवतेय? उगाच म्हणून मी तो सरळ केला. का उतरवलास?"

मी सांगितलं. गौरम्माचा हात दिवसभर कसा पुढे असतो, खांदा कसा गोल होतो. त्यांनी विचारलं, मग दुसऱ्यात तोच मुंढा परत का चढवला. तेही सांगितलं. ते अडवत होते, मध्येच म्हणत होते, हे चूक, असं नाही व्हायचं, आणि मी म्हणत होते, झालं ना अण्णा, तिनं घालून बघितलं. एकदा तर त्यांनी स्वतः उठून स्टुलावर बसून, मशीन चालवल्यासारखे हात पुढे केले आणि रघूला पाठीमागून कापड ओढायला लावलं. श्वेताच्या तीन महिन्यांत मला जे सलग सांगता आलं नव्हतं ते त्या संध्याकाळी मी मराठीत, पुट्टीच्या तोंडात पाण्याचा चमचा घालता घालता सांगितलं.

चौथ्याची डावी बाही तशीच होती. खडू, लाल दोरा आणि निळ्या पेननं गौरम्माचं दाबून लिहिलेलं एक वाक्य. अण्णांनी ती बाही तळहातावर घेतली आणि कोटाची घडी घातली. बाही आत जाऊ नये अशी, बाहेर राहील अशी.

सकाळी पुट्टीचा ताप उतरला होता. तरी ती मला सोडेना. अण्णांनी तिला कडेवर घेतलं आणि मला निघायला सांगितलं, खाली गेल्यावर बाल्कनीकडे वर बघू नको म्हणाले.

मुलाखतीच्या खोलीबाहेर वीस-बावीस वर्षांची मुलं होती, मोठमोठ्या काळ्या फायली घेऊन. एका मुलीनं मला पालक समजून शेजारची खुर्ची दिली. माझा नंबर साडेबाराला आला. दूध भरून आलं होतं आणि मी ओढणी दोनदा नीट केली होती.

आत तिघं होते. पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई, लॅपटॉपवर टिपणं घेणारा एक तरुण, आणि कारखानदारीतले वाटावेत असे एक गृहस्थ. सुरुवातीचे प्रश्न नेहमीचे होते. मग बाईंनी कोट उलगडले. एक, दोन, तीन. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"हे तयार कपडे आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आम्ही कच्चे मागितले होते. तुम्ही पत्र वाचलं नाही का?"

श्वेताचं उत्तर तोंडाशी होतं. धुताना गेलं. दोन शब्दांत संपलं असतं. मी म्हटलं, हे माझ्या सासऱ्यांनी पूर्ण केले. काल. ते शिंपी आहेत. आणि मग सांगितलं, थोडं इंग्रजीत, थोडं हिंदीत, टोपलीचं, डाव्या बाजूचं, सॅनिटायझरचं. पहिल्या कोटावरचा तो एक "इल्ली" मी स्वतः काल लिहिला आहे, तो गौरम्माचा नाही, हेही सांगितलं. तरुण माणसाचे हात लॅपटॉपवरून खाली आले. मी पहिला कोट खिडकीकडे धरला आणि भोकांची रेघ दाखवली, मग दुसरा, आणि मुंढा का उतरवला, का चढवला. चौथ्याची बाही मी शेवटी काढली. बाईंनी ती घेऊन गौरम्माचं वाक्य वाचलं. त्यांना कन्नड येत होतं. मोठ्यानं नाही वाचलं.

गृहस्थांनी चष्मा काढला. "एक सांगा," ते म्हणाले. "घरात तुमचं काम एक दिवस सुरक्षित राहिलं नाही. लहान मूल आहे. इथे दोन वर्षं रात्रंदिवस काम असतं. कसं जमवणार?"

मी बाळाचं नाव काढलंच नव्हतं. पण त्यांना गौरम्माच्या कोटावरून कळलं असणार, किंवा माझ्या ओढणीवरून.

"सगळं जमेल असं नाही म्हणत," मी म्हटलं. "पण काल जे झालं ते माझ्यामुळे झालं. मी घरात सांगितलंच नव्हतं की मी काय करतेय. आत्ता माझी मुलगी त्यांच्याजवळच आहे."

"आणि इथे काय शिकायचंय?" बाई म्हणाल्या. काजांवरून त्यांचं बोट फिरत होतं. "शिवणं तर तुमच्या घरी आमच्यापेक्षा चांगलं आहे."

अण्णांचाच प्रश्न. तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आता आलं, पण अडखळत आलं. मी म्हटलं, कपडा पुरा कसा करायचा हे माझ्या घरी आहे. तो पुरा झाला असं आपल्याला वाटतं आणि घालणारीला वाटत नाही, तेव्हा पुढे काय करायचं, ते मला येत नाही. चार नमुन्यांनंतर मी अडकले. पाचवा कसा असेल ते मला माहीत नाही. गौरम्माच्या कारखान्यातल्या बाळंतिणी अजूनही सुट्टीत बाळाकडे जात नाहीत.

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. बाईंनी कोट स्वतः घड्या घालून दिले, कागद मध्ये घालून.

घरी आल्यावर अण्णांनी काय झालं ते विचारलं नाही. पुट्टीनं केळं खाल्लं, दोनदा झोपली, एकदा माझी चप्पल घेऊन दारात बसली, एवढं सांगितलं. जेवताना मग म्हणाले, "माझं नाव काढावं लागलं का?"

"काढलं," मी म्हटलं. "त्या बाई काजं बघत होत्या. बोट फिरवून."

त्यांनी पानात बघत "कुठल्या कोटाची?" विचारलं, आणि तिसऱ्याची म्हटल्यावर म्हणाले की तिसऱ्याची वरची दोन जरा घाईत झाली होती.

निकालाला अठरा दिवस होते. त्या दिवसांत गौरम्मा एकदा आनेकलहून येऊन गेली. झालेलं ऐकून ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. कोट इतका छान झालाय तर तो कपाटात कशाला, म्हणून तिसरा ती घेऊनच गेली. तो कारखान्यात चालणार नव्हता, झाकण अजून चाकात अडकणार होतं, पण लग्नाकार्यात स्वयंपाकाला बसताना घालीन म्हणाली. मी पाचव्या नमुन्याचे कागद काढून बसायचे, निकाल काहीही लागो म्हणून, आणि अर्ध्या तासात पुट्टी त्यावर येऊन बसायची. अण्णा लांबूनच बघायचे. एकदाच विचारलं त्यांनी, हे कुठल्या बाजूला ठेवायचं, सांगून ठेव.

यादी दुपारी लागली. श्वेताचा फोन येत होता, मी तो घेतला नाही, आधी स्वतः बघायचं होतं. पान उघडायला वेळ लागत होता. वरून नावं खाली सरकत गेली, दहा, पंधरा, सतरा, आणि मला वाटलं झालं. एकोणिसावं नाव माझं होतं.

रघू कामावर होता. मी आतल्या खोलीच्या दारात गेले. अण्णा पलंगाच्या कडेला बसून पुट्टीला थोपटत होते. ती झोपेच्या अगदी काठावर होती, डोळ्यांची उघडझाप करत होती. अण्णांनी मला बघितलं आणि दुसरा हात वर केला, आवाज नको म्हणून.

मी फोन छातीशी धरून उभी राहिले. त्यांनी भुवया वर करून विचारलं. मी मान हलवली. त्यांना ती होय होती की नाही ते कळलं नाही, कारण मी रडत होते. त्यांचा चेहरा पडला. मग मी घाईघाईनं हाताची बोटं दाखवायला गेले, दहा आणि नऊ, आणि त्यांना ते मुळीच कळेना, तेव्हा मी आत जाऊन फोनच त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी मान मागे घेऊन, चष्म्याखालून, बोट लावून यादी वाचली. माझ्या नावावर आल्यावर बोट तिथेच ठेवलं.

पुट्टीला थोपटणारा हात थांबला होता. ती उठून बसली आणि आम्हा दोघांकडे बघून टाळ्या पिटायला लागली. मग त्या दुपारी कुणीच झोपलं नाही.